मोटार बदलण्याआधी पंख्याचा वेग बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. इमारतीत सहा एअर हँडलिंग युनिट, म्हणजे हवा गार करून डक्टमधून सगळीकडे पोचवणारी मोठी यंत्रं, थोडक्यात एएचयू आहेत. प्रत्येकात ७.५ किलोवॉटची थ्री-फेज मोटार बेल्टवर ब्लोअर फिरवते, आणि तीही दिवसभर एकाच वेगाने. शिवाय खोल्यांमध्ये नव्वदेक फॅन कॉइल युनिट, म्हणजे त्याच खोलीतली हवा गार करणारे छोटे पंखे, आहेत, त्यांच्या मोटारी जुन्या, सिंगल-फेज, कपॅसिटरवाल्या. एक पुरवठादार म्हणतो, सगळीकडे ईसी (इलेक्ट्रॉनिक्सवर चालणाऱ्या कायमचुंबकाच्या) मोटारी बसवा, पंख्यांची वीज निम्मी होईल. दुसरा म्हणतो, एवढं काही करू नका, आयई-४ या वरच्या कार्यक्षमता-वर्गाच्या मोटारी घातल्या की काम झालं. यात कोणाचं ऐकायचं?

फॅन कॉइलपुरतं पहिल्याचं ऐका, तिथे निम्मी वीज वाचणं अगदी शक्य आहे. एएचयूबद्दल मात्र दोघंही मोटारीविषयीच बोलताहेत, आणि तिथे मोटार हा दुय्यम मुद्दा आहे. पंखा किती वेगाने फिरतोय आणि हवेला वाटेत किती अडथळा आहे, हे आधी पाहायला हवं. आकडे मांडले की हे स्पष्ट होईल.

७.५ किलोवॉटच्या चार पोलच्या ५० हर्ट्झ मोटारीची पूर्ण भारावरची किमान कार्यक्षमता आयईसी ६००३४-३०-१ या मानकानुसार आयई-२ वर्गात ८८.७ टक्के, आयई-३ मध्ये ९०.४ आणि आयई-४ मध्ये ९२.६ टक्के आहे. समजा तुमची आजची मोटार आयई-२ दर्जाची आहे आणि ६.३ किलोवॉट वीज घेते. म्हणजे शाफ्टवर साधारण ५.६ किलोवॉट मिळतात. तेवढंच काम आयई-४ मोटार ६.०५ किलोवॉटमध्ये करील. बचत पाव किलोवॉटची, म्हणजे चार टक्के. वर्षाला ४,००० तास चालणाऱ्या एएचयूमागे हजारेक युनिट वीज. वाईट नाही, पण तुम्ही ज्या आशेने विचारताय तेवढीही नाही.

आणि हे चार टक्केसुद्धा हातात पडतीलच असं नाही. तुमच्यासारख्या इंडक्शन मोटारीत कार्यक्षमता वाढते ती बऱ्याच अंशी रोटरमधली, म्हणजे फिरणाऱ्या भागातली, हानी कमी करून, आणि रोटरमधली हानी कमी झाली की स्लिपही, म्हणजे फिरत्या चुंबकीय क्षेत्राच्या मागे रोटर जेवढा घसरतो तेही, कमी होते. जुनी मोटार मिनिटाला १,४४५ फेऱ्यांनी फिरत असेल तर नवी १,४६५ ने फिरेल. वेग फक्त १.४ टक्के वाढला, पण पंख्याला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ४.२ टक्के. जेवढं वाचवलं तेवढं पंख्याने खाल्लं. हवा थोडी जास्त मिळाली खरी, पण ती कोणी मागितली नव्हती. मोटार बदलून बिल का उतरलं नाही, याचं कारण अनेक ठिकाणी हेच निघतं. बेल्ट ड्राइव्ह असेल तर उपाय सोपा आहे: नवी मोटार बसवताना मोटारीकडची पुली तेवढ्या प्रमाणात लहान घ्या. हे काम कोटेशनमध्ये क्वचितच लिहिलेलं असतं, म्हणून तुम्हीच मागा.

आता तोच घनाचा नियम आपल्या बाजूने वापरू. पंख्याचे तीन नियम आहेत: हवेचं प्रमाण वेगाच्या प्रमाणात, दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात. वेग ८० टक्क्यांवर आणला की शक्ती ५१ टक्के लागते. ७० टक्क्यांवर ३४, निम्म्यावर साडेबारा. तुमच्या एएचयूत ८० टक्के वेगाला शाफ्टवर ५.६ च्या जागी २.९ किलोवॉट पुरतील. कमी भारावर मोटार थोडी कमी कार्यक्षम होते आणि वेग कमी-जास्त करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक ड्राइव्हमध्येही (व्हीएफडी) तीन-चार टक्के जातात. तरी वीजपुरवठ्यातून ३.४ च्या आसपास ओढली जाईल. म्हणजे त्या तासांमध्ये जवळपास तीन किलोवॉट वाचले. वर्षातले निम्मे तास जरी पंखा असा चालला, तरी एएचयूमागे पाच-सहा हजार युनिट वाचतात. मोटारीचा वर्ग बदलून मिळणारी बचत याच्या पाचव्या हिश्शाइतकी आहे.

मग प्रश्न असा की हवा २० टक्के कमी चालेल का? बहुतेक इमारतींमध्ये बहुतेक तास चालते. एएचयूची निवड वर्षातल्या सर्वांत कठीण दिवसासाठी, पूर्ण भरलेल्या इमारतीसाठी केलेली असते, त्यावर डिझाइन करणाऱ्याने थोडी आणि विकणाऱ्याने थोडी राखीव क्षमता टाकलेली असते. बाकीच्या दिवसांत ती जादा हवा डॅम्परने, म्हणजे हवेच्या वाटेतल्या झडपेने, अडवून नाहीतर थंड पाण्याचा व्हॉल्व्ह आवळून निभावलं जातं. डॅम्परने हवा अडवणं म्हणजे ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकने वेग सांभाळण्यासारखं आहे.

मात्र काही मर्यादा पाळाव्याच लागतात. ताज्या हवेचं किमान प्रमाण माणसांच्या संख्येवरून ठरतं. पंखा मंद केला की बाहेरची हवाही त्याच प्रमाणात घटते, म्हणून ताज्या हवेचा डॅम्पर पुन्हा लावून घ्यावा लागतो. हवा गार करणाऱ्या नळ्यांच्या कॉइलमध्ये थंड पाण्याऐवजी थेट रेफ्रिजरंट असेल, तर हवा फार कमी झाल्यावर कॉइलवर बर्फ धरतो आणि द्रव रेफ्रिजरंट कॉम्प्रेसरकडे परत जाण्याचा धोका असतो. इलेक्ट्रिक हीटर असेल तर किमान हवेशिवाय तो चालूच होता कामा नये. एअरफ्लो स्विच तपासल्याशिवाय वेग उतरवू नका. थंड पाण्याच्या कॉइलवर हे प्रश्न खूप सौम्य आहेत. उलट हवा हळू गेल्याने ओलावा जास्त चांगला निघतो.

घनाचा नियम पुस्तकात दिसतो तसा मिळण्यात आणखी एक अडसर असतो. खोल्यांमध्ये आपोआप उघडझाप करणारे डॅम्पर असतील आणि ड्राइव्हला डक्टमधला दाब कायम एका आकड्यावर राखायला सांगितलं असेल, तर खोल्यांनी हवा कमी मागितली तरी पंख्याला तो दाब धरूनच ठेवावा लागतो. मग ५१ टक्क्यांच्या जागी ६५-७० टक्के शक्ती लागते. उपाय म्हणजे दाबाचा आकडा स्थिर न ठेवता, सर्वांत जास्त उघडलेला डॅम्पर जवळपास पूर्ण उघडा राहील इतका तो खाली सरकवत राहणं. नियंत्रणाच्या प्रोग्राममधला हा छोटासा बदल आहे, नवं यंत्र काही लागत नाही. दुर्दैवाने ड्राइव्ह बसवून महागडं काम उरकलं जातं आणि हे राहून जातं.

आता बेल्ट, ब्लोअर आणि हवेची वाट. तुमचं युनिट सेकंदाला ४ घनमीटर हवा देतं आणि पंख्यावरचा एकूण दाब ७२० पास्कल आहे असं धरा. दाब गुणिले प्रवाह, म्हणजे हवेला प्रत्यक्ष मिळालेली शक्ती २.९ किलोवॉट. वीज घेतली ६.३. अर्ध्याहून जास्त वीज हवेपर्यंत पोचलीच नाही! ती गेली कुठे? मोटारीत ०.७, बेल्टमध्ये ०.३ किंवा थोडी जास्त, आणि उरलेली सगळी ब्लोअरमध्ये. पुढे वळलेल्या पात्यांचा जुना ब्लोअर ५५ ते ६० टक्क्यांच्या वर सहसा जात नाही. म्हणजे साखळीतली सर्वांत कमकुवत कडी ब्लोअर आहे, आणि चर्चा चालली आहे मोटारीची.

इथे ईसी पंख्याचा खरा फायदा दिसतो, पण पुरवठादार सांगतो त्या कारणाने नाही. ईसी म्हणजे कायमचुंबकाचा रोटर आणि कॉम्युटेशन करणारी, म्हणजे वाइंडिंगमधला प्रवाह योग्य क्षणी पालटणारी, इलेक्ट्रॉनिक्स, दोन्ही एकाच घरात. ब्रश नाहीत, रोटरमध्ये प्रवाह निर्माण करण्यात वीज जात नाही. पण एएचयूसाठी विकतात ती नुसती मोटार नसते. मागे वळलेल्या पात्यांचं चाक थेट मोटारीवर बसवलेला पूर्ण पंखा असतो, ज्याला प्लग फॅन म्हणतात. बेल्ट गेला, पुली गेल्या, ब्लोअरचं घर गेलं, चाकाची कार्यक्षमता वाढली. चाक ६८ टक्के आणि मोटार-इलेक्ट्रॉनिक्स मिळून ९० टक्के धरली, तर तीच हवा, त्याच दाबाला ४.७ किलोवॉटमध्ये मिळते. पाव हिस्सा वीज वाचली, आणि त्यात मोटारीचा स्वतःचा वाटा लहानच आहे. वेग कमी-जास्त करण्याची सोय आतच असल्याने वेगळा ड्राइव्ह लागत नाही. एका मोठ्या ब्लोअरच्या जागी दोन किंवा चार छोटे पंखे शेजारी शेजारी बसवता येतात. ते अरुंद जिन्यातून नेता येतात, आणि एक बंद पडला तर बाकीचे वेग वाढवून काम निभावतात. बंद पंख्यातून हवा उलटी फिरू नये म्हणून प्रत्येकाला मागे फिरू न देणारा डॅम्पर मात्र हवा.

पण जुनी मोटार शाबूत आहे, ब्लोअर ठीक आहे आणि पैसे मोजके आहेत, तर आहे त्याच मोटारीवर व्हीएफडी बसवणं हा माझ्या मते सर्वांत शहाणपणाचा पहिला टप्पा. बचतीचा मोठा भाग तिथेच मिळतो. दोन गोष्टी सांभाळा. व्हीएफडीच्या झपाट्याने चालू-बंद होणाऱ्या व्होल्टेजमुळे शाफ्टवर विद्युतदाब साचतो आणि तो बेअरिंगमधून ठिणगीच्या रूपाने निघतो. काही महिन्यांत बेअरिंगच्या वाटेवर एकसारख्या बारीक खाचा पडतात आणि मोटार रडल्यासारखा आवाज करू लागते. नवं बेअरिंग घातलं तरी तेच होतं, कारण दोष बेअरिंगचा नसतो. शाफ्टला अर्थिंग रिंग लावा किंवा इन्सुलेटेड बेअरिंग घ्या, आणि ड्राइव्ह ते मोटार केबल शील्डवाली व शक्य तितकी आखूड ठेवा. दुसरं, खूप जुन्या वाइंडिंगच्या मोटारीला ड्राइव्हचे व्होल्टेजचे तडाखे सोसत नाहीत. इन्सुलेशनची तपासणी आधी करून घ्या. उलट बाजूने, आयई-४ आणि आयई-५ वर्गातल्या कायमचुंबकाच्या व सिंक्रोनस रिलक्टन्स मोटारी सहसा ड्राइव्हशिवाय सुरूच होत नाहीत. जुन्या स्टार्टरवर थेट जोडायला अशी मोटार घेऊ नका.

आता फॅन कॉइलकडे येऊ. इथे चित्र उलटं आहे. छोट्या सिंगल-फेज मोटारी मुळातच कमी कार्यक्षम असतात: कपॅसिटरवाली मोटार पूर्ण वेगाला ५० ते ६० टक्के, शेडेड पोलची तर ३० टक्क्यांच्याही खाली. ईसी मोटार ७० ते ८० टक्क्यांच्या घरात राहते. पण खरा फरक कमी वेगाला पडतो. कपॅसिटरच्या मोटारीचे तीन वेग वाइंडिंगच्या टॅपवर मिळतात. टॅप बदलला की चुंबकीय क्षेत्र क्षीण होतं, पण ते फिरतं मात्र पूर्वीच्याच वेगाने. रोटर त्यामागे जास्त घसरतो, एवढंच. आणि स्लिप जितके टक्के, तितके टक्के रोटरला मिळालेली शक्ती रोटरमध्येच उष्णता बनते. रोटर निम्म्या वेगाने फिरत असेल तर निम्मी शक्ती सरळ जळते. म्हणून अशा पंख्याला मंद केल्यावर वीज घनाच्या नियमाने उतरत नाही, थोडीशीच उतरते. ईसी मोटारीत क्षेत्रच हळू फिरतं, स्लिप नसतेच. पूर्ण वेगाला ८० वॉट घेणारं युनिट ईसीवर ५५ च्या आसपास घेईल, पण मंद वेगाला जुनी मोटार ४५ वॉट घेत असताना ईसी १०-१२ वॉटवर चालेल. आणि फॅन कॉइलचं बरंचसं आयुष्य मंद किंवा मध्यम वेगातच जातं.

जुना तीन-वेगी थर्मोस्टॅट तसाच ठेवायचा असेल तर तीन इनपुट घेणाऱ्या ईसी मोटारी मिळतात. शक्य असेल तर ० ते १० व्होल्टचा संदेश देणारा थर्मोस्टॅट घ्या, म्हणजे पंखा गरजेपुरताच फिरेल. ईसी मोटारीच्या आधी जुना ट्रायॅक रेग्युलेटर किंवा व्हीएफडी कधीही ठेवू नका, आतली इलेक्ट्रॉनिक्स जळते. पंखा बंद करायचा तो संदेश शून्यावर आणून. वारंवार मुख्य वीज तोडून नव्हे. दर वेळी वीज जोडताना आतले कपॅसिटर एकदम भरतात आणि प्रवाहाचा मोठा झटका बसतो. संदेशाची तार वीजवाहिनीपासून दूर आणि शील्डवाली घ्या.

नव्वद युनिटच्या बाबतीत ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती न्यूट्रलची, म्हणजे तिन्ही फेजच्या सामाईक परतीच्या तारेची. पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट नसलेली छोटी सिंगल-फेज ईसी मोटार वीज सलग न घेता टोकाटोकांवर झटक्यांनी घेते. पॉवर फॅक्टर ०.५ ते ०.६ इतका खाली असतो आणि प्रवाहात तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ ५० हर्ट्झच्या तिप्पट वारंवारतेचा भाग, भरपूर असतो. तीन फेजमधले मूळ प्रवाह न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करतात, पण तिसरे हार्मोनिक रद्द न होता एकमेकांत मिळतात. सगळी युनिट तीन फेजवर व्यवस्थित समान वाटलेली असतानाही न्यूट्रलमधला प्रवाह फेजच्या पावणेदोन पटीपर्यंत जाऊ शकतो. जुन्या इमारतीत न्यूट्रलची तार फेजइतकीच किंवा त्याहून बारीक असते, आणि तिला सहसा ब्रेकरचं संरक्षण नसतं. एकूण वॉट कमी झाल्याने बऱ्याचदा हे निभावून जातं, पण गृहीत धरू नका, मोजा. पॉवर फॅक्टर सुधारणेसह मोटार मिळत असेल तर तीच घ्या. शिवाय एका ब्रेकरवर खूप मोटारी असतील तर सकाळी वीज आल्याबरोबर तो झटक्याने पडू शकतो, आणि प्रत्येक मोटारीच्या फिल्टरमधून होणारी थोडी थोडी गळती मिळून गळतीचा ब्रेकरही पाडू शकते. सर्किट विभागून द्या.

फिल्टरबद्दल एक इशारा. जुना पुढे वळलेल्या पात्यांचा पंखा फिल्टर चोंदला की कमी हवा देतो आणि वीजही कमी घेतो. खोलीतली माणसं तक्रार करतात, तंत्रज्ञ येतो, फिल्टर साफ होतो. हवेचं प्रमाण कायम राखणारी ईसी मोटार मात्र चोंदलेल्या फिल्टरसमोर वेग वाढवते. तक्रार येत नाही, आणि वीज गुपचूप वाढत जाते. म्हणून अशी मोटार घेतली की फिल्टरच्या दोन्ही बाजूंमधल्या दाबाचा फरक मोजण्याची सोय किंवा ठरलेल्या तारखेची साफसफाई, दोन्हींपैकी एक हवीच. एएचयूतही हाच हिशेब आहे: फिल्टर, घाण बसलेली कॉइल आणि अर्धवट बंद राहिलेला एखादा विसरलेला डॅम्पर यांत मिळून १२० पास्कल जरी वाचले, तरी वरच्या उदाहरणातले ४.७ किलोवॉट ३.९ वर येतात.

थंडाव्याच्या काळात पंख्याची बचत दुप्पट मोलाची नाही, पण सव्वापटीहून जास्त नक्की आहे. मोटार हवेच्या प्रवाहात असेल तर तिने घेतलेला प्रत्येक वॉट शेवटी उष्णता बनून त्याच हवेत मिसळतो आणि चिलरला तो परत काढावा लागतो. चिलर यंत्रणा एका युनिट विजेत तीन युनिट उष्णता काढत असेल, तर पंख्यावर वाचलेल्या एका युनिटमागे चिलरचंही एक तृतीयांश वाचतं. गरम करण्याच्या काळात हिशेब उलटतो: पंख्याची उष्णता उपयोगी पडत होती, ती आता हीटरने द्यावी लागेल. साधा इलेक्ट्रिक हीटर असेल तर त्या तासांत बचत जवळपास शून्य धरा; हीट पंप असेल तर बचत बरीचशी टिकते. वर्षाचा हिशेब मांडताना पुरवठादार हा भाग सोडून देतात.

आवाजाचा फायदा तुम्ही विचारला नाही, पण लोकांना सगळ्यात आधी तोच जाणवतो. वेग ८० टक्क्यांवर आणला की पंख्याचा आवाज सुमारे ५ डेसिबलने उतरतो, निम्म्यावर १५ ने. छतावरच्या कंडेन्सरच्या पंख्यांना रात्री याचा खूप उपयोग होतो.

मोजमापाशिवाय कोणताही निर्णय घेऊ नका, आणि मोजताना नुसत्या क्लॅम्पमीटरवर अँपिअर बघून समाधान मानू नका. कमी भारावर इंडक्शन मोटारीचा बराचसा प्रवाह चुंबकीय क्षेत्रासाठीच जातो; वॉट निम्मे झाले तरी अँपिअर थोडेच उतरतात. ईसीच्या झटक्यांच्या प्रवाहाला साधा मीटर चुकीचं वाचतो. खरा आरएमएस वाचणारा, किलोवॉट आणि पॉवर फॅक्टर दाखवणारा मीटर लावा, सोबत हवेचं प्रमाण आणि पंख्यावरचा दाब नोंदवा. किलोवॉटला सेकंदाच्या घनमीटर हवेने भागलं की एका घनमीटरमागे किती वीज लागते ते कळतं. तुमच्या उदाहरणात ६.३ ला ४ ने भागून १.६. पुरवठादाराने 'निम्मी वीज' म्हटलं की त्याला याच एककात विचारा: किती हवेला, किती दाबाला, किती किलोवॉट? हवाच कमी करून बचत दाखवणं फार सोपं असतं.

तुमच्या जागी मी आधी सहाही एएचयूंवर ही मोजणी करून डॅम्पर, फिल्टर आणि कॉइल नीट करीन, मग ज्यांच्या मोटारी व ब्लोअर धडधाकट आहेत त्यांना व्हीएफडी आणि ज्यांचे ब्लोअर थकलेत त्यांना ईसी प्लग फॅन देईन. नुसत्या आयई-४ मोटारी, वेग न बदलता, मी बसवणार नाही. जुनी मोटार जळाली तर वेगळी गोष्ट, तेव्हा नवी घेताना वरचा वर्गच घ्यावा, पुलीच्या दुरुस्तीसह. फॅन कॉइलच्या नव्वद मोटारी एकदम मागवू नका. एकाच फेज-त्रिकुटावरची सहा-नऊ युनिट निवडा, त्यांत ईसी बसवा आणि काही आठवडे वॉट, न्यूट्रलचा प्रवाह, खोलीतलं तापमान आणि मोटारीची इलेक्ट्रॉनिक्स पाण्याच्या ट्रेच्या ओलाव्यापासून कोरडी राहते का, हे चारही पाहून बाकीची ऑर्डर द्या.